मिशीवाली नोट

दुसरीच्या वर्गात नाणी-नोटांचा धडा आला, त्या दिवशी मी घरून सुट्ट्या पैशांचा डबा उचलून शाळेत नेला. आमची शाळा बोईसर स्टेशनवरून बेटेगावकडे जाताना लागते. कारखान्यांच्या भिंती संपल्या, की रस्त्याच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला एक किराणा दुकान. वर्गात निम्मी मुलं आजूबाजूच्या पाड्यांवरची, काही सालवडच्या भाड्याच्या खोल्यांमधून येणारी. त्यांच्या घरी हिंदी चालते, शाळेत मराठी चालते आणि वर्गात दोन्हींची मिळून एक तिसरीच भाषा चालते. ती मला आता सरावाने कळते.

टेबलावर मी एक, दोन, पाच आणि दहाची नाणी ओळीने मांडली आणि विचारलं, "यांनी काय करतात?"

"टॉस!" पुढच्या बाकावरून उत्तर आलं.

"अजून?"

"देवाला टाकतात."

"कॅरमची सोंगटी हरवली की लावतात."

"छोट्या भावानं गिळला होता, बाई. मग आई दोन दिवस रोज बघायची."

काय बघायची ते मी विचारलं नाही. वस्तू विकत घ्यायला नाणी लागतात, असं मात्र एकही मूल म्हणेना. "मग दुकानात गेल्यावर काय देता?"

"मोबाईल."

"मोबाईल देऊन टाकता?"

सगळा वर्ग माझ्या अडाणीपणाला हसला. खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात, आणि तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगायच्या सुरातच बोलतो. "नाय बाई. मोबाईल दाखवायचा. मग डब्बा बोलतो." आणि नाक दाबून, अगदी त्या दुकानातल्या डब्याच्या आवाजात तो बोलला, "पाच रुपये, प्राप्त झाले!"

झालं. पुढची दहा मिनिटं वर्गात सगळ्यांनाच काहीतरी प्राप्त होत होतं. कोणाला वीस रुपये, कोणाला एक लाख. एका मुलीला तर "एक म्हैस प्राप्त झाली".

मी आवाज चढवून त्यांना नाण्यांवर परत आणलं. दहाचं दोन रंगांचं नाणं उचलून दाखवलं तर मधल्या रांगेतली एक मुलगी ठाम आवाजात म्हणाली, "ह्यो चालत नाय." तिच्या वडिलांची बोईसर स्टेशनबाहेर वडापावची गाडी आहे, त्यामुळे पैशाच्या बाबतीत वर्ग तिचाच शब्द शेवटचा मानतो.

"चालतं गं. सरकारनं सांगितलंय, चालतं म्हणून."

"सरकार आमच्या गाडीवर वडापाव खायला येत नाय."

मी पुढे सरकले आणि फळ्यावर लिहिलं, एक रुपया म्हणजे शंभर पैसे. ते वाचून तीच मुलगी पुन्हा उठली. "बाई, पप्पा बोलतो, एक रुपया म्हंजे काय पैसा हाय का?"

"अगं, तो वेगळा पैसा. हा वेगळा पैसा. एका रुपयात शंभर पैसे असतात."

"आतमधी?"

"म्हणजे... हो, असं समजा."

मधल्या सुट्टीत मी बाहेर आले तर खिडकीजवळचा तो मुलगा हातपंपाच्या ओट्यावर बसून माझं एक रुपयाचं नाणं दगडाने ठेचत होता. त्याच्याभोवती सात-आठ मुलं ओंजळी धरून बसली होती. शंभर पैसे बाहेर सांडले तर मातीत जाऊ नयेत म्हणून.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं, हे असं तोंडाने सांगून होणार नाही. वर्गात बाजार भरवायचा. त्यासाठी नोटा पाहिजेत, तर त्या मुलांनाच बनवू द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातले पाठकोरे कागद कापून मी नोटेच्या आकाराचे तुकडे वाटले आणि नमुना म्हणून दहाची एक खरी नोट वर्गात फिरवली. नोट हातोहात फिरून माझ्याकडे परत येईपर्यंत तिला ओल्या मातीचा, खोबरेल तेलाचा आणि भडंगाचा वास लागला होता. नोटेवरच्या चष्मेवाल्या आजोबांना सगळ्यांनी ओळखलं. मग मी विचारलं, "आपल्या शाळेच्या नोटेवर कोणाचं चित्र काढायचं?"

सूचना भरपूर आल्या. मांजर. जेसीबी. एक क्रिकेट खेळणारा. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींसाठी सर्वांत जास्त हात वर झाले. कारण विचारलं तर, "ती दुसऱ्यांदा पन वाढते." मी मावशींचं नाव जाहीर करणार, तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. दारात आमचे मोठे गुरुजी उभे होते. ते कधीपासून उभे होते कोण जाणे, पण जेसीबीला बारा मतं आणि आपल्याला एकही नाही एवढं त्यांनी नक्की ऐकलं होतं.

मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस मनाने चांगला, शाळेसाठी राबणारा. फक्त त्यांच्या मिशा फार मोठ्या आहेत, आणि त्या आहेत हे ते क्षणभरही विसरत नाहीत. मी घाईघाईने म्हणाले, "आणि नोटेवर नेहमी मोठ्या माणसाचं चित्र असतं. म्हणून आपण मोठ्या गुरुजींचं काढू या!"

"छे छे, माझं कशाला," असं म्हणत गुरुजी आत आले, खुर्ची ओढून उजेडाकडे तोंड करून बसले आणि मिशीवरून हात फिरवला. "काढा बरं. हलत नाही मी."

मुलांनी काढलेली चित्रं पाहून मला जरा धडकीच भरली. चेहरा कोणाचा कसाही, पण मिशा सगळ्यांच्या सारख्याच जोरदार. काही नोटांवर तर चेहरा नव्हताच, नुसती मिशी आणि तिच्यावर दोन डोळे. वडापावच्या गाडीवाल्या मुलीने दोन रुपयांच्या नोटेवर गुरुजी काढले, ते पाहून गुरुजी म्हणाले, "दोनच रुपये?"

"दहाच्यावर बी हायत तुमी," ती म्हणाली. "दोनच्यावर सकालचे हायत, दहाच्यावर भांग पाडल्यावरचे."

गुरुजींचं समाधान झालं.

नोट जवळून बघताना खिडकीजवळच्या मुलाला तिच्यावरची ओळ दिसली. त्याने ती अक्षर अक्षर लावून वाचली. "मैं धारक को दस रुपये अदा करने का वचन देता हूँ. बाई, हे कोन बोलतो?"

"बँकेचे मोठे साहेब. ज्याच्या हातात नोट असेल त्याला ते तेवढे पैसे देणार, असं त्यांनी वचन दिलंय. खाली बघ, त्यांची सही आहे. त्या वचनामुळेच या कागदाला किंमत आहे."

हे वाक्य मी शिक्षिका म्हणून अगदी बरोबर बोलले. परिणाम काय होतील हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. पोराने लगेच पेन्सिल उचलली आणि आपल्या सगळ्या नोटांवर लिहिलं, "मी देनार. मोठे गुर्जी." बाकीच्यांनी त्याचं बघून तसंच लिहिलं. मग एकेक जण नोटा घेऊन गुरुजींसमोर उभा राहिला. सही पाहिजे.

गुरुजींच्या सहीबद्दल सांगायला हवं. ती सही नसते, ती रांगोळी असते. सुरुवातीला मोठा वेढा, मग तीन उभे फटकारे, आणि शेवटी मागे वळून आलेली शेपूट, तिच्याखाली दोन टिंबं. त्यांनी हसत हसत पहिली सही केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांना रंग चढला. त्यांनी वर्गातल्या एकूण एक नोटेवर सही केली, आणि वर कार्यालयातून शाळेचा गोल शिक्का आणून तोही मारला.

"सर, शिक्का कशाला?" मी हळूच म्हणाले.

"खेळातसुद्धा शिस्त पाहिजे, बाई. बिनशिक्क्याची नोट मुलांनी घेऊ नये, हे त्यांना कळलं पाहिजे."

बाजार शुक्रवारी भरला. बोरं, चिंचा, चिकू, नवापूरच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्या, पेन्सिलींचे तुकडे, तुटक्या बांगड्या. एकाने विकायला काही आणलं नव्हतं, म्हणून त्याने पाटी लावली, "पाठ खाजवून मिळेल, पाच रुपये. नखं कापली नाय." त्याच्याकडे गर्दी सर्वांत जास्त. वडापावच्या गाडीवालीने रिकाम्या टेबलावर हवेतले वडे तळले, हवेतल्या पावात भरले आणि गिऱ्हाइकांना दिले. पोरांनी ते खाल्ले. एकाला तिखट लागला म्हणून तो पाणी प्यायला बाहेरही गेला. परत येऊन त्याने दहाची नोट दिली तर तिने तीन रुपये परत दिले.

"वडा किती रुपयांचा?" मी विचारलं.

"पाच."

"मग तीन कसे परत?"

"दोन रुपये चटनीचे. त्यानं दोनदा घेतली."

वजाबाकी चोख होती. माझ्या मनात आलं, जमलं की! मुलं सुट्टे मोजत होती, पाच-पाच जोडून दहा करत होती, एकमेकांना फसवत होती आणि पकडली जात होती. मी खुशीत येऊन म्हटलं, "नोटा घरी न्या, आई-बाबांना दाखवा."

सोमवारी दुपारी रस्त्यापलीकडच्या दुकानातली आजी शाळेत आली.

दुकान तिच्या मुलाचं, पण दुपारी तो माल आणायला बोईसरला गेला की गल्ल्यावर आजी बसते. आजीचं आणि मोठ्या गुरुजींचं आधीपासून जरा वाजलेलं होतं. ती मुलांना रंगीत बर्फाच्या कांड्या विकायची, आणि गुरुजींनी एकदा भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर तिला सांगितलं होतं, की असला कचरा पोरांना विकू नका. तेव्हापासून आजी गुरुजी दिसले की तोंड फिरवायची. गुरुजींनीही त्या दुकानातून चहापावडर घेणं सोडून दिलं होतं.

ती सरळ कार्यालयात शिरली, गुरुजींच्या समोर उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर कागद ओतले. आमच्या नोटा. प्रत्येकीवरून गुरुजी मिशी रोखून बघत होते. मी तेव्हा हजेरीचं काहीतरी विचारायला आत आले होते, ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

"द्या," आजी म्हणाली.

"काय द्या?"

"पैसे. पोरांनी माल नेला. चाकलेट, शेंगदाने, खोडरबर. ह्ये देऊन गेली."

गुरुजी हसले. "अहो आजी, ही खेळातली नोट आहे."

"ही सही तुमची हाय का नाय?"

"सही माझीच आहे, पण..."

"शिक्का शालेचा हाय का नाय?"

"शिक्का शाळेचाच आहे, पण तो..."

"मला वाचता येत नाय. नातीनं वाचून दाखवलं. हितं लिवलंय, मी देनार, मोठे गुर्जी." तिने नोटेवर बोट आपटलं, ते नेमकं गुरुजींच्या नाकावर पडलं. "तुमी देनार बोलले म्हनून मी घेतली. त्यो दुसऱ्या नोटवाला म्हातारा, त्याला तरी मी कुठं कधी भेटले? तरी त्याची घेते ना? तुमी तर समोरच ऱ्हाता!"

आजीला सगळं कळत होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तिच्या तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं दिसत होतं. खोडरबर आणि शेंगदाण्यांची किंमत मोजून तिने भर दुपारी गुरुजींना कोपऱ्यात पकडायची संधी विकत घेतली होती, आणि तिला ती स्वस्तात पडली होती.

गुरुजींनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटाकडे पाहिलं. एवढ्यात खिडकीत हालचाल झाली. दुसरीचा अख्खा वर्ग गजांना लटकला होता, आणि त्यांच्या मागे तिसरीचा, त्यांच्या खांद्यांवरून चौथीचा.

"गुर्जी देनार!" एक मुलगा ओरडला. "त्यांनी लिवलंय!"

"वचन दिया है!" खिडकीजवळचा म्हणाला.

आता गुरुजींची पंचाईत झाली. रोज सकाळी परिपाठाला ते मुलांना, दिलेला शब्द पाळावा, यावर काही ना काही सांगतात. त्यांनी एक लांब श्वास सोडला, नोटा वेगळ्या केल्या, बेरीज केली, खिसे चाचपले आणि म्हणाले, "सुट्टे नाहीत. फोनवरून पाठवू का?"

"पाठवा की. डब्बा हाय दुकानात."

गुरुजींनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा घातला. मग रस्त्यापलीकडून, गाड्यांच्या आवाजावर मात करत, दुकानातल्या डब्याने जाहीर केलं की रुपये प्राप्त झाले. खिडकीतल्या पोरांनी अशी आरोळी ठोकली की खिचडीवाल्या मावशी उलथनं घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, साप निघाला.

आजी पदर झटकून निघाली. दारात थांबून गुरुजींना म्हणाली, "मानूस बोलला तसा वागला. बरं वाटलं." आणि गेली. हे कौतुक होतं की टोमणा, हे नंतर दोन दिवस गुरुजी मला विचारत होते.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण आजीने सगळ्या नोटा काही पदरात बांधून ठेवल्या नव्हत्या. काही तिने शुक्रवार-शनिवारीच गिऱ्हाइकांना मोड म्हणून देऊन टाकल्या होत्या. हे आम्हाला मंगळवारी सकाळी कळलं.

मी आणि मोठे गुरुजी त्या दिवशी स्टेशनवरून एकाच शेअर रिक्षात बसलो. मागे आम्ही दोघं आणि एक कामगार, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना हातात डबे घेतलेले आणखी दोन कामगार. शाळेपाशी उतरून गुरुजींनी नोट दिली. ड्रायव्हरने खिसा चाचपला, सीटखालचा डबा चाचपला आणि शेवटी सनशेडला अडकवलेला एक घडी केलेला कागद काढून अदबीने पुढे केला.

"सर, दहा सुट्टे नाहीत. ही चालेल ना? तुमचीच आहे."

भांग पाडलेले गुरुजी गुरुजींच्या हातात आले.

शेजारच्या कामगाराने वाकून नोट पाहिली. मग गुरुजींकडे पाहिलं. पुन्हा नोट पाहिली. "मूँछ बराबर है," त्याने बाकीच्यांना निकाल दिला. पुढच्या दोघांनीही वळून खात्री करून घेतली. त्यातल्या एकाने विचारलं, साहेब निवडणुकीला उभे आहेत का?

गुरुजींनी नोट खिशात घातली, ड्रायव्हरला मान हलवली आणि ते तरातरा फाटकाकडे निघाले. फाटकात थांबून मला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, हे कुठपर्यंत जाणार?"

"चिल्हार फाट्यापर्यंत गेलं असेल, सर. तिथपर्यंत रिक्षा जातात."

"आजच बंद करतो."

परिपाठाला प्रार्थना झाली, सुविचार झाला, आणि मोठे गुरुजी माइक हातात घेऊन पुढे आले. चेहरा अतिशय गंभीर. "मुलांनो," ते म्हणाले, "आज मध्यरात्रीपासून, माझं चित्र असलेल्या सर्व नोटा..."

मी बाजूला जाऊन कुजबुजले, "सर, मध्यरात्री मुलं झोपलेली असतात."

"आज मधल्या सुट्टीपासून," गुरुजींनी सुधारलं, "माझं चित्र असलेल्या सर्व नोटा रद्द होत आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी उद्या कार्यालयात आणून द्याव्यात. एका नोटेला एक चिकू मिळेल."

"दोनच्या नोटंला बी एक, दहाच्या नोटंला बी एक?" वडापावच्या गाडीवालीने रांगेतूनच विचारलं.

"हो. सगळ्यांना सारखा."

तिने कपाळाला हात लावला. तिच्याकडे सगळ्या दहाच्या होत्या. मधल्या सुट्टीला अजून दोन तास होते, आणि माझ्या वर्गात त्या दोन तासांत दहाच्या एका नोटेला दोनच्या पाच नोटा असा व्यवहार बाकाखालून चालू होता. वर्गातल्या बाकीच्यांना तिचा डाव कळेपर्यंत तिच्याकडे दोन-दोनच्याच नोटांची गड्डी जमली होती. मी पाहिलं. धडा भाषेचा चालू होता, तरी मी तिला थांबवलं नाही. गणिताच्या तासाला एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं.

बुधवारी गुरुजींनी किनाऱ्याकडच्या एका वाडीतून चिकूंच्या दोन पाट्या मागवल्या. कार्यालयासमोर रांग लागली. आधी दुसरीची मुलं, मग इतर वर्गांची, मग काही आया कडेवर पोरं घेऊन, आणि शेवटी तो रिक्षावाला. त्याच्याकडे चार निघाल्या. पहिली पाटी संपली तेव्हा गुरुजींच्या लक्षात आलं, की काहीतरी गडबड आहे. आपण एवढ्या सह्या केल्याच नव्हत्या.

आम्ही नोटा टेबलावर पसरल्या. त्यांत जुन्या कॅलेंडरच्या चकचकीत कागदावर काढलेल्या नोटा होत्या. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावरची एक होती, ती घडी होत नव्हती. एक नऊशे रुपयांची होती. एका नोटेवर तर गुरुजींच्या शेजारी खिचडीवाल्या मावशीही होत्या, दोघांच्या मध्ये एक पातेलं. शिक्क्याच्या जागी कोणीतरी बाटलीचं झाकण शाईत बुडवून उठवलं होतं. आणि प्रत्येकीवर गुरुजींची सही होती. वेढा, तीन फटकारे, शेपूट, दोन टिंबं.

गुरुजींनी दोन नोटा शेजारी शेजारी धरल्या. चष्मा काढला, पुसला, लावला. "बाई, यातली माझी कुठली?"

मी म्हटलं, "डावीकडची जास्त चांगली आलीय, सर."

"तीच माझी असणार."

डावीकडची नोट खिडकीजवळच्या मुलाची निघाली. त्याने स्वतःच कबूल केलं, आणि कबूल करताना त्याला अजिबात लाज वाटत नव्हती. "गुर्जी, तुमी शेपटी पटकन मारता. हळू मारायची." त्याने गुरुजींच्याच पेनाने टेबलावरच्या पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर करून दाखवली. गुरुजी रागावतील म्हणून मी पुढे झाले, पण ते वाकून बघत होते. "पुन्हा कर बरं," ते म्हणाले. पोराने पुन्हा केली. मग गुरुजींनी केली. मग म्हणाले, "हं. हळू मारल्यावर बरी येते."

चिकू सगळ्यांना मिळाले. खोट्या नोटांनाही. गुरुजींचं म्हणणं पडलं, की ज्याने एवढी मेहनत घेतली त्याला हात हलवत परत कसं पाठवायचं. वडापावच्या गाडीवालीचे चिकू दप्तरात मावेनात, तेव्हा तिने उरलेले फाटकात उभं राहून विकले, खऱ्या पैशांना. खिचडीवाल्या मावशींनी दोन घेतले. दहाचं नाणं दिलं तर तिने ते आधी परत केलं, मग माझ्याकडे पाहिलं, मोठ्या मनाने घेतलं आणि मोड बरोबर दिली.

एक नोट तेवढी परत आली नाही. ती दुकानातल्या आजीने गोळ्यांच्या बरणीवर चिकटवून टाकली. गुरुजी स्वतः मागायला गेले, पिशवीत चार चिकू घेऊन.

"ही नाय देनार," आजी म्हणाली. "ही बघून पोरं बरनीत हात घालत नाय."

गुरुजींनी बरणीकडे बघत मिशीवरून हात फिरवला. मग चिकू तिच्याकडेच ठेवून, पाव किलो चहापावडर घेऊन परत आले.

आता आमच्यापुढे वेगळंच संकट उभं राहिलं आहे. दुसरीच्या जवळपास सगळ्या मुलांना मुख्याध्यापकांची सही हुबेहूब करता येते. गेल्या आठवड्यात माझ्याकडे रजेचा एक अर्ज आला. पेन्सिलने लिहिलेला, "सोमवारी शाला बंद हाय," आणि खाली मंजूर, सहीसकट. गुरुजींनी सही बदलायचं ठरवलं. शेपूट काढून टाकली, दोन टिंबांच्या जागी तीन केली आणि बँकेत गेले. बँकेने ती सही ओळखली नाही. तिथल्या बाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवून जुनी सही करायला सांगितली, तर घाईत त्यांना तीही नीट जमेना. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"बाई, वर्ग चालू आहे का?"

"चालू आहे, सर."

"त्या खिडकीजवळच्याला जरा फोन द्या. वेढा कुठून सुरू करायचा, ते विचारायचंय."